वहीतले अकरा शून्य

पीएचडीच्या पहिल्या वर्षीच्या माझ्या वहीत सलग अकरा नमुन्यांसमोर शून्य आहे. स्तनाच्या गाठीतून सुटून रक्तात आलेल्या कर्कपेशी, आमच्या भाषेत सीटीसी, शोधायच्या एवढंच काम. मिलीलिटरभर रक्तात लाल पेशी पाचशे कोटींच्या आसपास, पांढऱ्या पन्नास-साठ लाख आणि सीटीसी असल्याच तर बहुतेक वेळा बोटांवर मोजण्याइतक्या. शरीरात पसरलेल्या स्तन कर्करोगात साडेसात मिलीलिटरमागे पाच पेशी ही धोक्याची रेघ २००४ च्या एका अभ्यासात ठरली. फक्त पाच!

मला वाटलं, या रुग्णांच्या रक्तात नसतीलच. सिनिअर ताईंना पटेना. त्यांनी निरोगी माणसाच्या रक्तात मोजून पन्नास एमसीएफ-७ पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तन कर्करोगाच्या पेशी, टाकायला लावल्या. परत मिळाल्या नऊ. मग त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फायकॉलवर, म्हणजे रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या द्रवावर, रक्त मी नीट सोडलं होतं, पण ते गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा ब्रेक चालू. मशीन झटकन थांबायचं आणि मधला पांढुरका थर, ज्यात आपला सगळा माल, तो ढवळला जायचा. ब्रेक बंद केला, छत्तीस मिळाल्या. नव्याने येणाऱ्यांनी रुग्णाच्या नमुन्याला हात लावायच्या आधी महिनाभर हेच करावं. कंटाळा येतो, पण किमोच्या खुर्चीत बसलेल्या बाईने दिलेलं रक्त वाया जात नाही.

सीटीसी पकडायला एपकॅम या पेशीवरच्या प्रथिनाला चिकटणारे चुंबकी मणी वापरतात, पण त्यांच्यावरही सगळी भिस्त नको. पसरायला निघालेल्या काही पेशी ते प्रथिन जवळजवळ टाकूनच देतात. एपकॅम कमी असलेल्या एमडीए-एमबी-२३१ या स्तन कर्करोगाच्याच पेशींवर तोच प्रयोग करा, आकडा कसा घसरतो ते दिसेल.

या कामात यायचं तर पीएचडीच्या प्रवेशाचं सांगते: जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी ही परीक्षा. एमएस्सीला असतानाच द्या.

बाराव्या नमुन्यात मात्र एक दिसली. सीटीसी ओळखायचं केराटिन हे प्रथिन हिरवं, केंद्रक निळं, पांढऱ्या पेशींची खूण असलेल्या सीडी४५ चा पत्ता नाही. मी जवळजवळ ओरडलेच. ताईंनी विचारलं, "ट्यूब कितवी?" पहिली होती. शिरेत शिरताना सुई त्वचेच्या पेशी ओढून आणते, त्यांच्यातही केराटिन असतं, म्हणून पहिली ट्यूब मोजायची नसते. वहीत १ खोडून मी ० केला, बाजूला सही केली आणि दुसरी ट्यूब लावली.