समुद्रतळाचा डेटा हाताळताना या चुका टाळा

सोलापुरातून भूविज्ञानात एम.एस्सी. करून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी प्रोजेक्टला जायचं, तर बरीचशी कसोटी जहाजापेक्षा संगणकासमोरच लागते. नकाशा विचित्र दिसला की हात आधी फिल्टरकडे, म्हणजे आकडे गुळगुळीत करणाऱ्या सोयीकडे जातो. तिथेच घात होतो. फिल्टरने चूक निघत नाही, फक्त दिसेनाशी होते.

पहिल्यांदा वेळ तपासा. जहाजावरच्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली वही मात्र भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. 10 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 18.5 किलोमीटरने जाणारं जहाज तेवढ्यात 100 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. चुंबकीय मापन एका वेळेत आणि जीपीएस दुसऱ्या वेळेत राहिलं, तर नकाशा सुबक उमटतो, पण भलत्या जागेचा. म्हणून ही चूक सगळ्यांत घातक.

चुंबकीय नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारखी मूल्यं जोडणाऱ्या रेषा, करवतीसारख्या दातेरी आल्या? मग केबलची लांबी बघा. जहाजाच्या लोखंडाचा परिणाम टाळायला चुंबकमापक बराच मागे ओढत नेतात, जीपीएसचा अँटेना मात्र जहाजावरच. हे अंतर हिशेबात घेतलं नाही, तर जातानाच्या आणि येतानाच्या रेषांवर एकच रचना उलटसुलट सरकते. केबल किती सोडली होती, ते लॉगबुकात शोधा.

चुंबकीय क्षेत्र दिवसभर बदलतं, तो बदलही वजा करावा लागतो. पश्चिम किनाऱ्याजवळच्या सर्वेक्षणाला अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदी उपयोगी पडतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मापन बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम 1904 मध्ये अलिबागला नेलं. मापन इतकं नाजूक असतं. म्हणून सोलापूरच्या माळावर सराव करताना खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि मोटारसायकल लांब ठेवा. तरीही दोन पावलांवर आकडा बराच बदलला, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच चुंबकित आहे. महासागराच्या तळाशी गाळाखाली बेसाल्टच असतो, त्यामुळे हा सराव पुढे खरोखर कामी येतो.

मल्टिबीमच्या, म्हणजे ध्वनिकिरणांचा पंखा सोडून खोली मोजणाऱ्या सोनारच्या, पट्ट्याच्या दोन्ही कडा सारख्याच वर किंवा खाली वळल्या असतील, तर पाण्यातल्या ध्वनिवेगाची नोंद जुनी किंवा दुसरीकडची आहे का ते पाहा. भूकंपीय छेदावरचा, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनींतून काढलेल्या तळाखालच्या थरांच्या चित्रावरचा, वेळ जाऊन-येऊन असतो: तळाचा प्रतिध्वनी 2 सेकंदांनी आला, तर सेकंदाला 1500 मीटर वेगाने खोली 1500 मीटर, 3000 नव्हे.

आणि जेबकोच्या ग्रीडमध्ये, म्हणजे जगभरच्या समुद्रखोलीच्या चौकोनी जाळीच्या नकाशात, अनोळखी पर्वत दिसला, तर सोबतची टीआयडी, म्हणजे माहितीचा स्रोत सांगणारी, फाइल उघडा. ती खोली सोनारने मोजलेली आहे की उपग्रहाच्या गुरुत्व-मापनावरून अंदाजलेली, हे तिथे प्रत्येक चौकोनासाठी दिलेलं असतं.