रूट न करता अँड्रॉइड फोनवरच्या जाहिराती कशा अडवायच्या

जाहिराती अडवायला फोनमध्ये वेगळे ‘ॲड ब्लॉकर’ ॲप टाकायची गरज नाही. हे अगदी सुरुवातीलाच सांगतो, कारण या विषयावर शोधले की पहिला सल्ला ‘अमुक ॲड ब्लॉकर डाउनलोड करा’ असाच मिळतो. दुसऱ्या ॲपमधल्या जाहिरातींत ढवळाढवळ करणारी ॲप्स गूगलने २०१३ मध्येच प्ले स्टोअरवरून काढून टाकली. आज तिथे त्या नावाने जे दिसते ते बहुतेक एखादे ब्राउझर असते, नाहीतर फक्त ब्राउझरपुरते चालणारे काहीतरी. मग लोक बाहेरून कुठूनतरी एपीके, म्हणजे ॲपची फाइल, आणतात. ते ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते आणि लोक ती देऊन मोकळे होतात. ही परवानगी मिळालेले ॲप तुमच्या स्क्रीनवरचे वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. ज्या फोनवर यूपीआय आहे, त्यावर हे कधीही करू नका.

रूट करण्याचा, म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवण्याचा, सल्लाही मी कोणाला देत नाही. त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडावा लागतो. तो उघडला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकांची अनेक ॲप्स त्या फोनवर चालायला नकार देतात. जाहिरातींपोटी एवढी किंमत मोजायचे कारण नाही. जे लागते ते अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, आहेच.

पण आधी हे पाहा की तुमचा त्रास खरोखर ‘जाहिरातींचा’ आहे का. काहीही उघडलेले नसताना होम स्क्रीनवर पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर फोनमध्ये एखादे खोडसाळ ॲप बसलेले आहे. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, ‘फोन क्लीनर’, कुठलातरी फोटो एडिटर, असे काहीतरी. जाहिरात पडद्यावर असतानाच अलीकडच्या ॲप्सचे बटण दाबा. कोणत्या ॲपचे चिन्ह दिसते ते पाहा आणि ते काढून टाका. चिन्ह कोरे किंवा अनोळखी दिसले तर सेटिंग्जमध्ये ‘इतर ॲप्सवर दाखवण्याची’ परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी तपासा. यादीत टॉर्चचे नाव दिसले तर आणखी पुरावा शोधत बसू नका. आणि ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत’ असे संदेश वरच्या पट्टीत येत असतील, तर ती क्रोममध्ये कधीतरी ‘अलाउ’ दाबलेल्या साइटची नोटिफिकेशन्स आहेत. क्रोम, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स: तिथली अनोळखी नावे बंद करा. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवरची निम्मी कटकट इथेच संपते.

आता मुख्य काम: प्रायव्हेट डीएनएस

ॲपला जाहिरात आणायची असते तेव्हा ते आधी जाहिरात कंपनीच्या सर्व्हरचे नाव घेऊन त्याचा पत्ता विचारते. हा पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. एरवी हे काम तुमची मोबाइल कंपनी करते आणि विचारेल त्याला पत्ता देते. त्याऐवजी असा डीएनएस सर्व्हर नेमायचा, जो जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या सर्व्हरचे खरे पत्ते देतच नाही. पत्ता नाही म्हणून जाहिरात उतरत नाही, आणि तिचा डेटाही खर्च होत नाही. असा सर्व्हर नेमायची सेटिंग म्हणजे ‘प्रायव्हेट डीएनएस’. ती मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींना लागू होते, बॅटरी खात नाही आणि फोन तिला मागच्या मागे बंदही करत नाही. म्हणूनच व्हीपीएन पद्धतीच्या, म्हणजे फोनचे सगळे नेट स्वतःमधून फिरवणाऱ्या, ॲपपेक्षा मी हिलाच पसंती देतो.

ती सापडायची जागा प्रत्येक कंपनीने वेगळी ठेवली आहे. साध्या अँड्रॉइडवर ‘नेटवर्क आणि इंटरनेट’खाली, सॅमसंगवर ‘कनेक्शन्स’मध्ये शिरून ‘आणखी कनेक्शन सेटिंग्ज’मध्ये. शोधत बसू नका. सेटिंग्जच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ लिहा, फोन मराठीत असेल तर ‘खाजगी’ लिहून पाहा.

उघडल्यावर तीन पर्याय दिसतात: बंद, आपोआप आणि प्रोव्हायडरचे होस्टनेम (म्हणजे सर्व्हरचे नाव). तिसरा निवडा आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत हे लिहा: डीएनएस, टिंब, ॲडगार्ड, हायफन, डीएनएस, टिंब, कॉम. ॲडगार्ड ही जाहिराती अडवणारा डीएनएस देणारी कंपनी. तिचे स्पेलिंग ए, डी, जी, यू, ए, आर, डी. यू आधी, ए नंतर. ही अक्षरे उलटी पडलेले फोन माझ्याकडे सतत येतात. सेव्ह करा. दिसायला एवढेच आहे, पण बहुतेकांचे इथेच काहीतरी बिनसते आणि मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. म्हणून पुढचे सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, या चौकटीत आकडे चालत नाहीत. ९४.१४०.१४.१४ हा ॲडगार्डच्याच सर्व्हरचा पत्ता आहे आणि अनेक व्हिडिओंत तोच टाकायला सांगतात. तो घरच्या राउटरमध्ये किंवा एखाद्या वायफायच्या सेटिंगमध्ये टाकायचा असतो. प्रायव्हेट डीएनएसला नाव लागते, कारण समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे का हे फोन प्रमाणपत्रावरून तपासतो आणि मगच बोलणे सुरू करतो. नावाच्या आधी ‘एचटीटीपीएस’ लावायचे नाही, शेवटी तिरकी रेघ द्यायची नाही. कीबोर्ड शब्द सुचवताना टिंबानंतर किंवा शेवटी गुपचूप स्पेस घालतो, ती डोळ्याला दिसत नाही. सेव्हचे बटण फिकेच राहिले तर सगळे पुसून एकेक अक्षर पुन्हा टाइप करा.

दुसरी गोष्ट, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ वाल्यांच्या सेवा वापरून जाहिराती बंद होत नाहीत. क्लाउडफ्लेअरचा आणि गूगलचा हा डीएनएस जलद आणि भरवशाचा आहे, पण तो जाहिरातींना हात लावत नाही. ‘हे टाका आणि जाहिरातमुक्त व्हा’ असे सांगणाऱ्याने स्वतः करून पाहिलेले नसते. ॲडगार्डऐवजी दुसरे हवे असेल तर स्वीडनच्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीचा जाहिराती अडवणारा डीएनएसही मोफत आहे. स्वतःची यादी ठेवायची हौस असेल तर नेक्स्टडीएनएस घ्या. तिथे महिन्याला ३,००,००० विचारणा मोफत असतात आणि त्या संपल्या की नेट चालू राहते, फक्त गाळणे थांबते. अनोळखी नाव मात्र कधीही टाकू नका. तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता त्यांची नावे डीएनएस सर्व्हरला दिसतात. पासवर्ड आणि मेसेज दिसत नाहीत, पण नावेही काही कमी नसतात.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. होस्टनेम टाकले की फोन हट्टी होतो. त्या सर्व्हरशी बोलणे झाले नाही तर तो मोबाइल कंपनीच्या डीएनएसकडे वळत नाही, सरळ थांबतो. रेंज पूर्ण, वायफाय जोडलेले, आणि एकही पान उघडत नाही. कधी ‘खाजगी डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करू शकत नाही’ असा संदेश येतो, कधी तोही येत नाही. लोक मग सिम काढून घालतात, कस्टमर केअरला फोन लावतात, काही जण फोन रिसेटही करतात. यातले काहीही करू नका. प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाऊन ‘आपोआप’ निवडा. नेट परत आले तर कारण हेच होते, आले नाही तर कारण दुसरे आहे. दहा सेकंदांत निकाल लागतो.

हे कुठे घडते ते माहीत असले की घाबरायला होत नाही. स्टेशनवरचे, हॉटेलातले किंवा हॉस्पिटलमधले वायफाय आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागते. ते लॉगिनचे पान प्रायव्हेट डीएनएस चालू असताना कधी उघडते, कधी अडते. अडले तर ‘आपोआप’ करा, लॉगिन उरका, मग पुन्हा होस्टनेमवर या. नाव चौकटीत तसेच राहिलेले असते. काही ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या वायफायवर ८५३ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे नेटच्या ये-जा करण्याचे एक दार, बंद असते आणि प्रायव्हेट डीएनएस नेमके तेच पोर्ट वापरतो. तिथे इलाज नाही. तेवढा वेळ मोबाइल डेटा वापरा किंवा सेटिंग ‘आपोआप’वर ठेवा.

चौथी गोष्ट, सगळे बरोबर करूनही क्रोममध्ये जाहिराती तशाच दिसत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी आणि सिक्युरिटी’खाली ‘सुरक्षित डीएनएस’ पाहा. तिथे दुसरी सेवा निवडलेली असेल तर क्रोम फोनच्या डीएनएसला विचारतच नाही. फोनची सध्याची सेवा वापरण्याचा पर्याय निवडा. त्यानंतर विमान मोड चालू-बंद करा आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जुने पत्ते लक्षात ठेवून ते आधीसारखेच वागते. तपासायला ‘तुमचा ब्लॉकर किती टक्के चालतो’ सांगणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. जाहिरातींनी भरलेले एखादे बातम्यांचे पान किंवा मोफत गेम आधी आणि नंतर उघडून पाहा.

काही गोष्टी अडतील, त्याही सांगतो. गूगल शोधात सगळ्यात वर येणाऱ्या ‘प्रायोजित’ दुव्यांवर दाबले तर पान उघडत नाही. खालचा साधा दुवा वापरा. कॅशबॅक देणाऱ्या साइटवरून खरेदीला गेलात तर मधला दुवा तुटतो. मुलांच्या गेममध्ये ‘व्हिडिओ पाहा, नाणी मिळवा’ चालत नाही, आणि त्याबद्दल तक्रार घरातूनच येईल. अशा वेळी सेटिंग थोडा वेळ बंद करून पुन्हा चालू करायची.

फोनचा अँड्रॉइड ९ पेक्षा जुना असेल तर रिथिंक डीएनएस हे मुक्त स्रोत ॲप घ्या. ते फोनच्या आतच व्हीपीएनसारखे बसते. पण अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ऑफिसचा व्हीपीएन असेल तर दोन्ही एकत्र जमणार नाहीत.

ब्राउझर

फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) टाका, तेच मुख्य ब्राउझर करा. मोबाइलवरचे क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही. डीएनएसने जाहिरात गेली तरी पानावर रिकामे पांढरे चौकोन उरतात. यूब्लॉक तेही काढतो. ज्या छोट्या मराठी साइटचे लेखन तुम्ही आवडीने वाचता, तिच्यापुरता यूब्लॉक एका बटणाने बंद करता येतो. तेवढे जरूर करा, तिचे पोट जाहिरातींवरच असते.

यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम

यांच्या ॲपमधल्या जाहिराती डीएनएसने जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच नावाच्या सर्व्हरवरून येतात, त्यामुळे नाव अडवले तर व्हिडिओही अडतो. याला ‘गुप्त सेटिंग’ नाही. यूट्यूब फायरफॉक्समध्ये यूब्लॉकसह पाहा किंवा प्रीमियमचे पैसे भरा. कोणीतरी बदल केलेले यूट्यूबचे एपीके मिळेल त्या ठिकाणाहून उतरवून त्यात आपले गूगल खाते घालणे मला अजिबात पटत नाही. त्या खात्यावर तुमचे फोटो, मेल आणि संपर्क सगळे आहे.

फोन कंपनीच्या जाहिराती

लॉक स्क्रीनवर बातम्या आणि फोटो येत असतील तर ते बहुधा ग्लान्स असते. लॉक स्क्रीनच्या किंवा वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये बंद होते. शाओमीच्या फोनवर सेटिंग्जमधल्या परवानग्यांच्या ‘ऑथरायझेशन आणि रिव्होकेशन’ यादीत ‘एमएसए’ (शाओमीची जाहिराती दाखवणारी सेवा) बंद करा. दहा सेकंद थांबायला लावतो, कधी पहिल्या वेळी ‘जमले नाही’ म्हणतो. नेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा करा, होते. ‘जाहिरात आयडी’ (जाहिरातदारांना तुमचा फोन ओळखू देणारा क्रमांक) गूगलच्या सेटिंगमधून पुसून टाका, पण त्याने जाहिराती कमी होत नाहीत, फक्त तुमच्यावरची नजर थोडी सैल होते.

आई-वडिलांच्या किंवा सासू-सासऱ्यांच्या फोनवर हे करून देणार असाल, तर सेटिंग करून लगेच उठू नका. प्रायव्हेट डीएनएसपर्यंत कसे जायचे आणि ‘आपोआप’वर कसे दाबायचे हे त्यांच्याकडून एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या आणि ती वाट मराठीत एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. तुम्ही दुसऱ्या गावी असताना त्यांचे नेट गेले तर फोन तुम्हालाच येणार आहे, आणि तेव्हा व्हॉट्सॲप कॉलही लागणार नाही.