टेबलावरचं दगड-बांबूचं कारंजं: आधी पाणी, मग दगड, गोंद शेवटी

टेबलावर ठेवायचं छोटं कारंजं घरी करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी छान छान गोटे गोळा करतात, ते सिलिकॉनने एकावर एक चिकटवून टाकतात आणि सगळं वाळल्यावर पंप लावून पाणी सोडतात. आणि पाणी भलतीकडेच जातं. कधी दगडाच्या पोटाखालून ओघळत मागे टेबलावर उतरतं, कधी बाउलच्या बाहेर शिंतोडे उडतात, आणि चिकटवलेलं तर आता निघत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पाणी, मग दगड, मग सजावट, आणि गोंद सगळ्यात शेवटी, तोही लागलाच तर. माझं मत विचाराल तर चांगल्या कारंज्यात दोन-तीन जागा सोडल्या तर सिलिकॉन नसावंच, कारण पंप आज ना उद्या बाहेर काढून धुवावाच लागतो.

भांडं रुंद, उथळ आणि जड बुडाचं घ्या. आतून ग्लेझ केलेलं सिरॅमिक सगळ्यात बिनघोर. भाजलेल्या मातीचं भांडं दिसतं सुंदर पण ते पाझरतं, खाली टेबलावर गोल डाग पडतो आणि थोड्या दिवसांनी बाहेरून क्षारांची पांढरी पूड धरते, तेव्हा मातीचंच हवं असेल तर आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, ३० सेंटीमीटर व्यासाचं, १० सेंटीमीटर खोल, सरळ कडांचं भांडं म्हणजे रिकामं असताना साधारण ७ लिटरचं. पण ते काठोकाठ गोट्यांनी भरलं तर गोट्यांच्या फटीत जेमतेम ३ लिटर पाणी मावतं आणि नुसत्या दगडांचं वजन ११-१२ किलोच्या घरात जातं! म्हणून खालचा भाग पोकळच ठेवायचा आणि दगड फक्त वरच्या थराला, ते पुढे येईलच. भरलेलं भांडं उचलायच्या भानगडीत पडू नका, जिथे ठेवायचंय तिथेच बसून बनवा.

पंप म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा छोटा सबमर्सिबल पंप, एवढ्या कामाला ३ ते ५ वॅटचा आणि ताशी २०० ते ३०० लिटरचा भरपूर होतो. बॉक्सवर कमाल उंची लिहिलेली असते, समजा ६० सेंटीमीटर, तर त्या उंचीला पाणी फक्त पोचतं, वाहत नाही, प्रवाह तिथे शून्य झालेला असतो. त्यामुळे तुमचं कारंजं जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट उंचीचा पंप घ्या आणि पंपावर प्रवाह कमी-जास्त करायची कळ आहे ना ते बघून घ्या. जास्तीचं पाणी कळ फिरवून कमी करता येतं, कमी पडणारं कुठून आणणार. जमलं तर ५ किंवा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टरवाला पंप घ्या, पाण्यात थेट मेन्सची वायर नको. आणि पंप कोरडा चालवायचा नाही, कारण त्याला थंड ठेवतं ते पाणीच आणि आतल्या फिरत्या भागाला वंगण म्हणूनही पाणीच लागतं, कोरडा राहिला की घरघरतो, तापतो आणि जातो. पाइप मऊ पारदर्शक घ्या, पंपाच्या तोंडावर बसत नसेल तर पाइपचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, लगेच नरमतं. वळण मोठं ठेवा. पाइपला घडी पडली की निम्मं पाणी तिथेच अडतं आणि आपण उगाच पंपाला दोष देत बसतो.

आता पोकळ चौथरा. एक छोटी मातीची कुंडी उलटी ठेवायची, काठाला वायर जाईल एवढी खाच पाडायची, बुडाला भोक असतंच त्यातून पाइप वर काढायचा, पंप आत. कुंडीला दोन-तीन जास्तीच्या खाचा पाडा म्हणजे पाणी आत परत यायला वाट राहते. दगडांचं सगळं वजन कुंडीवर येतं, पंपावर काही नाही. हवं तर पंप जिथून पाणी आत ओढतो तिथे स्पंजचा तुकडा लावा, बारीक कचरा आत जात नाही.

दगड निवडताना एक सोपी चाचणी. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका आणि जवळून बघा, बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर त्यात चुना आहे, म्हणजे चुनखडी किंवा संगमरवर. वापरलाच तर आभाळ कोसळणार नाही, पण तो हळूहळू पाण्यात विरघळतो, पाणी जड करतो आणि तो चुना मग पंपावर आणि काठावर पांढरा थर होऊन बसतो. शंख-शिंपल्यांचंही तेच. बेसाल्ट, ग्रॅनाइट, स्लेट, गुळगुळीत नदीतले गोटे, हे सगळे चालतात, फक्त जिथून दगड उचलायला मनाई आहे तिथून आणू नका. धुवायचे ते ब्रशने घासून. निर्जंतुक करायचे म्हणून दगड उकळू नका आणि ओव्हनमध्ये तर मुळीच घालू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकतो, कधी कधी फुटून कपच्या उडतात.

आता खरी मेख. पाणी दगडाच्या कडेवरून खाली पडतच नाही, ते कडेला चिकटून वळतं आणि दगडाच्या खालच्या अंगाने मागे मागे सरकत जातं. भांड्यातून पाणी अगदी सावकाश ओतलं की धार न पडता ते भांड्याच्या बाहेरून ओघळतं ना, तोच प्रकार. पाण्याला दगड धरून ठेवायला आवडतं आणि प्रवाह मंद असला की ही ओढ जिंकते. कारंजी गळतात, टेबल ओलं होतं, पाणी रोज कमी होतं, यातल्या बहुतेक तक्रारी इथूनच निघतात, भांड्याला भेग वगैरे काही नसते. उपाय तीन आहेत. पहिला म्हणजे वरचा सपाट दगड पुढच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, मागे एक पातळ कपची सरकवली तरी पुरतं. दुसरा, गोलसर कडेचा गोटा धारेसाठी वापरायचाच नाही, फुटलेल्या स्लेटची तीक्ष्ण कड घ्यायची, तिच्यावरून पाणी सरळ सुटतं. तिसरा माझा आवडता. इमारतीच्या छज्ज्याला खालून कडेलगत एक बारीक खाच असते बघा, पावसाचं पाणी भिंतीपर्यंत पोचू नये म्हणून, तशीच खाच दगडाच्या खालच्या बाजूला कडेपासून सेंटीमीटरभर आत कानशीने पाडायची. दगड कठीण असेल तर खाचेऐवजी तिथे सिलिकॉनची एक बारीक आडवी रेघ ओढा. पाणी तिथवर येतं, अडतं आणि खाली टपकतं. दिसत काहीच नाही.

शिंतोड्यांचा हिशोबही आत्ताच करा. धार जिथे पडते तिथपासून काठापर्यंतचं अंतर निदान धार जेवढ्या उंचीवरून पडते तेवढं तरी ठेवा. पाणी सपाट आडव्या दगडावर आपटू देऊ नका, तिरक्या दगडावर किंवा बारीक गोट्यांच्या थरावर पडू द्या. मग भांड्याखाली आणि आजूबाजूला वर्तमानपत्र पसरून पंप तासभर चालू ठेवायचा. कागदावर ओले ठिपके कुठल्या बाजूला जास्त आहेत त्यावरून कुठला दगड नडतोय ते लगेच कळतं, तो बोटभर सरकवा आणि कोरडा कागद टाकून पुन्हा बघा. कंटाळवाणं आहे, पण गोंद लावायच्या आधी हे होणं गरजेचं.

पाणी थेट दगडाच्या पोटातून वर यावं असं वाटत असेल तर दगडाला भोक पाडावं लागतं, त्यासाठी डायमंड कोअर बिट लागतं, म्हणजे कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेलं नळीसारखं पोकळ बिट, साधं नाही. ड्रिल बॅटरीवरचं वापरा कारण भोक पाडताना पाणी घालत राहायचं असतं, हॅमर मोड बंद, स्पीड कमी, दगडाखाली लाकडाची फळी, आणि शेवटचे काही मिलिमीटर अगदी हलक्या हाताने, नाहीतर खालून मोठी कपची उडते. डोळ्यांना गॉगल हवाच. पाण्यामुळे बिटही थंड राहतं आणि दगडाची धूळही उडत नाही, ती धूळ फुफ्फुसांना वाईट. एवढा खटाटोप नको असेल तर दगडांच्या फटीतून पाइप वर आणा आणि टोक एका गोट्याआड लपवा, लोकांना कळतही नाही.

बांबूची धार करायची तर बांबूच्या आतून पाइप न्यायचा, पाणी नुसत्या बांबूतून सोडायचं नाही. बांबू सतत ओला-सुका झाला की उभा चिरतो आणि आतून काळी बुरशी धरते. गाठींच्या आतले पडदे लोखंडी सळईने ठोकून फोडा, तोंड तिरकं कापा, भोक पाडायचं असेल तर आधी बारीक बिटने पाडून मग मोठं करा. कापलेल्या टोकांना वॉटरप्रूफ वॉर्निशचे दोन-तीन हात द्या, ओल शिरते ती तिथूनच. तरीही बांबू कधीतरी बदलावा लागणारच, म्हणून तो चिकटवू नका, सुतळीने बांधा. हौस असेल तर जपानी शिशी-ओदोशीसारखा डुलणारा बांबूही करता येतो, मुळात शेतातली हरणं-रानडुकरं घाबरवायला वापरायचे. आडव्या काडीवर बांबू असा अडकवायचा की रिकामा असताना शेपटी जड आणि पाणी भरल्यावर तोंड जड, म्हणजे तो खाली झुकतो, रिकामा होतो आणि परत येऊन शेपटी दगडावर टक्कन आपटते. गंमत येते, पण कामाच्या टेबलावर ठेवू नका, दर अर्ध्या मिनिटाला टक् ऐकून डोकं उठेल.

नारळाच्या करवंट्यांचे पायऱ्यापायऱ्यांनी वाट्यांसारखे टप्पेही छान दिसतात. आतून-बाहेरून पॉलिश पेपरने घासा, वॉर्निश लावा. वाहून आलेलं लाकूड वापरणार असाल तर आधी बादलीत आठ-पंधरा दिवस भिजत ठेवून पाणी बदलत राहा, नाहीतर त्याचा तपकिरी रंग कारंज्याच्या पाण्यात उतरतो. शेवाळ हवं असेल तर ते पाण्यात बुडवायचं नाही, नुसता ओलावा पोचेल अशा कडेला दगडावर ठेवायचं.

आवाज. यासाठीच तर सगळा उपद्व्याप. पाणी पडताना जो आवाज येतो तो पाणी पाण्यावर आपटल्याचा फार थोडा असतो, खरा आवाज येतो पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा, ते थरथरतात आणि वाजतात. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं, बुडबुडा जेवढा मोठा तेवढा सूर खालचा, आणि २ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, म्हणजे चांगलाच टिणटिणीत. आपल्या कामाचं एवढंच की उथळ पाण्यात, गोट्यांवर बारीक धार पडली की चुरचुर किंवा झिरमिर असा आवाज येतो आणि खोल पाण्यात जाड धार पडली की डुबुकडुबुक. फार जाड धार झाली तर सरळ नळ उघडा राहिल्यासारखं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला दर दहा मिनिटांनी बाथरूमला जावंसं वाटतं, हे मी गमतीने म्हणत नाहीये. एका धारेचे दोन-तीन असमान ओघळ करा, एक गोट्यावर पडू द्या, एक पाण्यात, मग आवाज एकसुरी राहत नाही. पाण्यात साबण अजिबात नको, फेस तर होतोच पण साबणाने टपटप आवाजही मरतो. पंपाची गुणगुण ऐकू येत असेल तर पंप भांड्याला टेकलाय, खाली रबर किंवा स्पंज द्या. गुणगुण अचानक वाढली तर पाणी कमी झालंय.

हे सगळं मनासारखं झालं की मग सिलिकॉन, अ‍ॅक्वेरियमला चालतं ते, फक्त डळमळणाऱ्या दगडांना. दगड आधी पूर्ण कोरडे करा, ओल्या दगडाला ते धरत नाही, आणि लावल्यावर निदान २४ तास पाणी सोडू नका, थर जाड असेल तर ४८. वायर सॉकेटकडे नेताना ती आधी सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब त्या वळणावरून खाली गळतो, प्लगमध्ये जात नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, दर वेळी. पंप बंद केला की पाइपमधलं आणि दगडांवरचं पाणी खाली येतं, म्हणून भांडं काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा.

देखभाल म्हणजे दर एक-दोन दिवसांनी पाण्याची भर आणि आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलणं. नळाचं पाणी जड असेल तर फिल्टरचं वापरा, तरी पांढरा थर आलाच तर पंप उघडून अर्धा तास व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. उन्हात ठेवू नका, पाणी हिरवं होतं. पाणी बदलताना भांड्याच्या आतल्या कडा घासायच्याच, नुसतं ओतून दिलं म्हणजे झालं नाही, कारण डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. वाहत्या पाण्यात तो सहसा अंडी घालत नाही, धोका आहे तो बंद पडलेल्या कारंज्याचा. त्यामुळे चार-सहा दिवसांपेक्षा जास्त बाहेर जाणार असाल तर प्लग काढा, पाणी ओतून द्या, भांडं पुसून कोरडं करा आणि बांबू सावलीत उभा करून ठेवा.