दुबईचा फॅमिली व्हिसा: विवाह दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर (माझा अनुभव)

भाऊ दुबईला, वहिनी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात. ग्रामपंचायतीच्या विवाह दाखल्यावर वहिनीचं सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं; म्हणून कागद परत आले. नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेही चाललं नाही. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

जमलं ते असं. ग्रामसेवकांना अर्ज आणि पासपोर्टची झेरॉक्स दिली. त्यांनी आधी नोंदवहीत लग्नापूर्वीचं नाव चढवलं, मगच नवा दाखला दिला. शिक्का मारण्याआधी इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून घ्या, वडिलांच्या नावासकट. पुढे साक्षांकन (म्हणजे दाखला खरा असल्याचे सरकारी शिक्के) याच क्रमानं: राज्य शासन, आपलं परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास. मग भावानं तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घेतला, अरबी भाषांतर करून घेतलं. दाखल्याला लॅमिनेशन अजिबात करू नका. शिक्के मूळ कागदावरच मारतात.