खऱ्या रस्त्यावर शूटिंग? आधी त्याच वेळी तिथे उभे राहा

कमी बजेटचा सिनेमा मुंबईच्या रस्त्यावर करणार असाल, तर लोकेशन दुपारी बघून सकाळचा सीन लावू नका. सीनच्या दिवशी जो वार आणि जी वेळ असेल, त्याच वारी, त्याच वेळी आठवडाभर आधी तिथे तासभर थांबा. बॅलार्ड इस्टेट हा ऑफिसांचा भाग रविवारी सकाळी शांत असतो, सोमवारी दहाला तिथे ट्रायपॉड ठेवायला जागा मिळणं मुश्कील. गिरगावातल्या अरुंद गल्ल्यांत थेट ऊन दिवसातून थोडाच वेळ उतरतं. ते कधी येतं आणि कधी भिंतीवर चढून जातं, हे घड्याळ लावून लिहून ठेवा.

त्या तासात डोळे मिटून ऐकाही. कावळे, भांडीवाला, शाळेची घंटा, मशिदीची अजान, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची धून. संवाद कुठे अडकणार ते तिथेच कळतं. शूटिंगच्या दिवशी प्रत्येक जागी कुणीही न बोलता दोन मिनिटांचा नुसता परिसराचा आवाज रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये तुकडे सांधताना तोच वाचवतो, आणि नेमका तोच घ्यायचा राहून जातो.

पार्क केलेल्या गाड्या आणि दुकानांची शटरं यांचे फोटो काढा, दुसऱ्या दिवशी कंटिन्युइटीला, म्हणजे दोन्ही दिवसांचे शॉट एकमेकांशी जुळवायला, लागतील.

परवानगीसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. पण कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी आदल्या दिवशी बोलणं मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. त्याचा धंदा आपल्यामुळे बुडत असेल, तर तेवढे पैसे बजेटमध्ये धराच.