समुद्रकिनाऱ्यावरचे दगड सिक्लिडच्या टाकीत कसे वापरावेत

किनाऱ्यावर मिळालेला दगड गोड्या पाण्याच्या टाकीत घालायचा म्हटलं की पहिली भीती मिठाची वाटते. खरं तर मीठ ही यातली सगळ्यांत सोपी बाब आहे. ते पाण्यात विरघळतं आणि चार-सहा वेळा पाणी बदललं की निघून जातं. नीट पाहायच्या गोष्टी दोनच: दगड कशाचा बनलाय, आणि त्याच्या भोकांत काय बसलंय.

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ आहे, म्हणून त्याआधी तुमचे मासे त्यातले कुठले ते ठरवा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी, पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा) साधारण 7.8 ते 8.6. टांगानिका सरोवराचा पीएच त्याहून चढा, 9च्या आसपास. तिथल्या सिक्लिडना दगडातून थोडा चुना पाण्यात उतरला तर चालतो, उलट फायदाच होतो. दक्षिण अमेरिकेतल्या डिस्कस या सिक्लिडला मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. तिथे चुनखडीचा दगड नकोच. एंजल माशाचंही मूळ तसल्याच पाण्यातलं. आपल्या खाडीतला कालुंदर हाही सिक्लिडच. त्याला मचूळ पाण्याची सवय असते, त्यामुळे तो या बाबतीत फारसा नाजूक नाही.

दगड ओळखा

कोकणच्या किनाऱ्यावर मुख्यतः तीन प्रकार भेटतात. पहिला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. जड, टणक आणि पाण्यात जवळजवळ निष्क्रिय. सिक्लिडसाठी माझी पहिली पसंती यालाच. पण त्यात पांढरे ठिपके किंवा शिरा असतील तर थांबा. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या. त्यात क्वार्ट्झ आणि झिओलाइट असतात, तसा कॅल्साइटही असतो, आणि कॅल्साइट म्हणजे चुनाच. दुसरा जांभा. हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, चुना नसलेला, पण भोकाभोकांचा आणि लाल माती सोडत राहणारा. कडा खरखरीत असतात, दगडाला अंग घासणाऱ्या माशांना ओरखडे पडतात. तिसरा करल: वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन तयार झालेला. मलावीच्या टाकीला रसायनाच्या दृष्टीने चालेल, पण तो ठिसूळ असतो, रचनेचा भार त्याच्यावर देऊ नका.

सिमेंटचे तुकडे, गंज किंवा धातूसारखी चकाकी असलेले दगड आणि पावसाळ्यात समुद्रातून वाहून येणाऱ्या तेलकट डांबराचा लेप बसलेले दगड तिथेच सोडा. प्रवाळ उचलूच नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच आणायचं नाही. किनारा नियमन क्षेत्रात वाळू-दगड काढण्यावर बंदी आहे, म्हणून खडक फोडणं किंवा गोणी भरून आणणं हा विषयच नको. मोठी टाकी भरायची असेल तर तोच काळा पाषाण खाणीतून विकत मिळतो. एखादा सुटा दगड उचलण्याआधी तो उलटून पाहा. खाली खेकडा, अंडी किंवा कालवं दिसली तर होता तसाच ठेवून द्या. ते एखाद्याचं घर आहे.

चुन्याची परीक्षा

दगड कोरडा करून खिळ्याने एक ओरखडा काढा आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला किंवा कान लावल्यावर बारीक चुरचुर ऐकू आली तर चुना आहे. पांढऱ्या ठिपक्यांवर वेगळी चाचणी घ्या. व्हिनेगर सौम्य असल्यामुळे त्याने काहीच झालं नाही तरी दगड पास समजू नका.

खरी परीक्षा बादलीत होते. दोन बादल्यांत तुमच्या टाकीचंच पाणी भरा, दगड एकीतच ठेवा आणि दोन्हींवर झाकण घाला, नाहीतर डास होतील. दर दोन-तीन दिवसांनी पीएच आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा. दुसरी बादली हवीच, कारण नळाचं पाणी नुसतं ठेवलं तरी त्याचा पीएच हलतो. दोन आठवड्यांनी दोन्हींत फरक नसेल तर दगड कुठल्याही सिक्लिडला चालेल. ही चाचणी स्वतःच्याच पाण्यात घ्यायची. जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यात चुना भराभर विरघळतो. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात तोच दगड महिनोन्महिने काही करत नाही.

स्वच्छता

बादलीत घालण्याआधी कडक ब्रशने घासा. साबण वापरू नका. भोकांत अडकलेली शंख-कालवं टोकदार सळीने काढा. ती आत राहून कुजली की अमोनिया वाढतो, आणि माशांना घातक ठरतो तो हाच. मग गोड्या पाण्यात भिजत ठेवून रोज पाणी बदला, टीडीएस मूळ पाण्याइतका होईपर्यंत.

दगड उकळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. आत कोंडलेल्या वाफेने दगड फुटू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भरती-ओहोटीच्या खडकांवर बटणांसारखे मऊ जीव चिकटलेले असतात, त्यांना झोअँथिड म्हणतात. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. असे दगड घरात उकळल्यावर वाफेने माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. जिवंत, मऊ असं काहीही चिकटलेलं दिसलं तर दगड आणूच नका.

गुळगुळीत काळ्या पाषाणाला घरगुती ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, एक दिवस. नंतर भरपूर धुवा, कडक उन्हात वाळवा आणि अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यात वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा. जांभा आणि करल ब्लीच शोषून घेतात, त्यांना ते लावू नका. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही एकत्र आणू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रचना

सिक्लिड वाळू उकरतात. वाळूवर रचलेला दगड एक दिवस कलंडतो आणि काच तडकते. म्हणून आधी तळाच्या काचेवर थर्मोकोलची पातळ शीट, तिच्यावर सगळ्यांत मोठे दगड, आणि वाळू शेवटी. हाताने हलवून पाहा. डगमगला तर तो दगड काढून दुसऱ्या बाजूने बसवा. उंच रचना ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने जोडा.

वजनाचाही हिशेब करा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी मावतं. 30 किलो बेसाल्टने त्यातली सुमारे 10 लिटर जागा जाते. औषधाचा डोस उरलेल्या पाण्यावर काढायचा, आणि स्टँडवर मात्र दगडांचा भार धरायचा.

मलावीच्या खडकांत राहणाऱ्या म्बुना गटातल्या सिक्लिडसाठी मागच्या काचेपर्यंत भरपूर कपारी ठेवा. प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत, म्हणजे मार खाणाऱ्या माशाला निसटता येतं. फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर या मोठ्या सिक्लिडना उलट मोकळी जागा आणि एखाद-दुसरा गोल दगड पुरे. काही आठवड्यांत दगडांवर शेवाळ धरेल. म्बुना ते दिवसभर खुडत असतात, म्हणून समोरची काच तेवढी पुसा, दगड घासू नका.