सावलीत वाढलेलं रोप भर उन्हात कसं आणावं

नर्सरीतून आणलेलं हिरवंगार रोप गच्चीत ठेवलं की आठवडाभरात करपतं, आणि खापर मातीवर नाहीतर पाण्यावर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा ऊन असतं. पुण्याच्या आसपासच्या पुष्कळ नर्सऱ्यांत बकुळ, सीताअशोक, कोकम, नागचाफा ही झाडं हिरव्या शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, वाढवतात. त्यांची पानं सावलीसाठीच घडलेली असतात.

असं पान रुंद, पातळ आणि गडद हिरवं असतं. मिळेल तो प्रकाश टिपायचा म्हणून त्यात हरितद्रव्य ठासून भरलेलं असतं, पण त्या प्रकाशाचं अन्न करणारी यंत्रणा बेताचीच असते. घनदाट वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम १ ते २ टक्के प्रकाश पोचतो, तिथे हे चालून जातं. भर उन्हाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रकाशात या पानाचं पोट भरतं. त्याहून जास्त येणारी ऊर्जा पानातल्या नाजूक प्रथिनांची मोडतोड करते. पान ती रोज दुरुस्त करत असतं. मोडतोडीचा वेग दुरुस्तीपेक्षा वाढला की पान पांढरं पडतं.

पानाचा बचाव दोन टप्प्यांत होतो. काही मिनिटांतच झँथोफिल नावाची पिवळी द्रव्यं रूप बदलतात आणि जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. मग पुढच्या काही दिवसांत या द्रव्यांचा साठा वाढतो, अतिनील किरण अडवणारी द्रव्यं वाढतात, हरितद्रव्य थोडं घटतं. मोठं झाड पडून जंगलात अचानक ऊन आलं की खालच्या रोपांचं काय होतं, याचा पनामात बराच अभ्यास झाला आहे, आणि तिथेही हेच दिसलं. पण पूर्ण उघडलेल्या पानाची जाडी बदलत नाही. उन्हाचं जाड पान हवं असेल तर ते नव्या पालवीतूनच यावं लागतं. म्हणून दिवस मोजू नका, पालवीकडे लक्ष ठेवा.

आधी ऊन मोजा

मोबाइलवर प्रकाश मोजायचं एखादं ॲप घ्या. नर्सरीत रोप जिथे होतं तिथला दुपारचा आकडा टिपून ठेवा आणि घरी गच्चीतला टिपा. मोकळ्या गच्चीत स्वच्छ दुपारी तो लाख लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास जातो. फोनचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांतला फरक कळायला पुरेसा आहे. तो चौपट-पाचपट असेल तर घाई करू नका.

दिशेचाही विचार करा. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन थेट आत येतं, कारण दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य पुण्यात डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा त्याच बाल्कनीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. पश्चिमेचं ऊन सर्वांत वाईट: पान आधीच तापलेलं, हवा कोरडी.

रोप हलवायचं कधी

जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ उत्तम. ढग असतात, हवा दमट असते, पालवीही फुटते. फक्त एक मेख आहे: ढगाळ जुलैत आलेली पानं पक्क्या उन्हाची नसतात. सप्टेंबरअखेर आभाळ मोकळं होतं, ऑक्टोबर हीट सुरू होते आणि हीच पानं भाजतात. तेव्हा जाळी काढून माळ्यावर टाकू नका. मार्च ते मे नवं रोप उन्हात नेऊच नये. थंडीतही जपून, कारण गारठ्यात पानाची दुरुस्ती मंदावते आणि सकाळचं स्वच्छ ऊन आहे त्या पानालाही जड जातं.

रोज थोडं पुढे

पहिला आठवडा रोपाला फक्त सकाळी दहापर्यंतचं ऊन द्या, नंतर पूर्ण सावली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ५० टक्क्यांच्या, म्हणजे अर्धं ऊन अडवणाऱ्या, जाळीखाली दिवसभर ठेवा. पालवी उघडून कडक झाली की जाळी आधी सकाळी, मग चारनंतर बाजूला करा. दुपारची जाळी सगळ्यांत शेवटी. मध्येच कुंडी फिरवू नका. पानांच्या खालच्या बाजूवर अचानक ऊन आलं तर ती लवकर भाजते.

काळी पिशवी उन्हात ठेवू नका, मुळं तापतात. ती मोठ्या कुंडीत उतरवा किंवा भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, आणि कुंडी विटांवर ठेवा. स्लॅबची धग कमी लागते. पाणी सकाळी भरपूर. पानांवरचे थेंब भिंगासारखे पान जाळतात असं म्हणतात, पण गुळगुळीत पानांवर तसं काही होत नाही.

पान काय सांगतं

वरच्या पानांच्या मध्यभागी, आभाळाकडच्या बाजूला, फिकट पांढुरके चट्टे असतील तर तो उन्हाचा चटका. नीट पाहा: वरच्या पानाची सावली जिथे पडत होती तिथे चट्टा संपतो आणि त्या पानाचा हिरवा आकार खाली तसाच उमटलेला दिसतो. कडा तपकिरी झाल्या असतील तर कारण बहुधा पाण्याची ओढ किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार. सगळं पान थोडं फिकट झालंय, पण ताठ आहे? ती सवय होतेय, युरिया ओतू नका. अर्धवट भाजलेली पानं खुडूही नका. उरलेला हिरवा भाग नव्या पालवीला पोसतो. पालवीचे कोंब फुगायला लागले की मूठभर शेणखत द्या.

सीताअशोकाची तांबूस-गुलाबी पालवी मलूल होऊन खाली लोंबते. ती सुकलेली नसते. लोंबत्या पानावर दुपारचं ऊन आडवं पडत नाही आणि तांबडं द्रव्य कोवळ्या पेशींना आडोसा देतं. पाण्याचा मारा करू नका, काही दिवसांत ती हिरवी आणि ताठ होते.

बकुळ आणि सोनचाफा पूर्ण उन्हाला सरावतात. सीताअशोक आणि कोकम मात्र जंगलातली खालच्या मजल्यावरची झाडं. त्यांना पहिली काही वर्षं दुपारची सावली ठेवाच, पूर्वेच्या भिंतीलगतची जागा मिळाली तर फारच बरं.